नवी मुंबईचा विमानतळ : सखल जमिनीवर केलेला एवढा खर्च सार्थकी लागेल का?

कामोठेकर (मूळ प्रश्न)

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्यावर सुमारे १९,६५० कोटी रुपये खर्च झाले असून वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय त्यातून झाली आहे. सर्व टप्पे पुरे झाल्यावर हीच संख्या नऊ कोटींवर नेण्याचा बेत आहे. ज्या अटल सेतूचा या विमानतळाशी नेहमी संबंध जोडला जातो, त्याचा जवळपास अठरा हजार कोटींचा खर्च या आकड्यात धरलेला नाही.

माझा प्रश्न केवळ पैशांचा नाही. हा विमानतळ पनवेल खाडीच्या काठी, गाढी आणि उलवे या नद्यांच्या मुखाशी, खाजणाच्या (भरतीचे पाणी शिरणाऱ्या दलदलीच्या) आणि भातशेतीच्या ११६० हेक्टर जमिनीवर उभा आहे. सुमारे नव्वद मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंग लावून फोडण्यात आली, तिच्या दगडमातीने सखल भाग भरून काढण्यात आला आणि उलवे नदीचा प्रवाह बाजूने वळवण्यात आला. २६ जुलै २००५ रोजी कळंबोली आणि पनवेल परिसराची जी दैना झाली, ती येथे राहणाऱ्या कोणाच्याही विस्मरणात गेलेली नाही. अशा ठिकाणी एवढी मोठी गुंतवणूक करणे योग्य होते का, आणि पुढचे टप्पे याच गतीने हाती घ्यावेत का, याविषयी जाणकारांनी आपले मत सविस्तर मांडावे. नामकरणाचा विषय महत्त्वाचा आहे, पण त्यावर स्वतंत्र चर्चा झालेली असल्यामुळे तो येथे आणू नये ही विनंती.

आंबा_निर्यात, वाशी

मी व्यवसायाच्या अंगाने लिहितो. मुंबईला दुसऱ्या विमानतळाची गरज होती याविषयी माझ्या मनात शंका नाही. सांताक्रूझ–सहार येथील दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन असूनही एका वेळी एकच वापरता येते. तासाला सुमारे ४६ विमाने चढवण्या-उतरवण्यापलीकडे ती व्यवस्था ताणता येत नाही. २०२४-२५ मध्ये त्या विमानतळावरून साडेपाच कोटींच्या आसपास प्रवाशांनी ये-जा केली. चहूबाजूंनी दाट वस्ती असल्यामुळे तिसरी धावपट्टी टाकायला तेथे जागाच उरलेली नाही. नव्या विमान कंपनीला उड्डाणाची ठरावीक वेळ (स्लॉट) मिळत नाही, छोट्या शहरांची विमाने मागे ढकलली जातात आणि मालवाहू विमानांना रात्रीच्या अडचणीच्या वेळा घ्याव्या लागतात.

अमेरिकेला जाणारा हापूस वाशीच्या विकिरण केंद्रातून (जेथे किरणांचा मारा करून फळातली कीड निकामी करतात) प्रक्रिया होऊन निघतो. त्या देशाचे निरीक्षक येथे येऊन माल तपासतात, डझनाची खोकी बंद होतात आणि त्यानंतर प्रत्येक तासाला किंमत असते. एप्रिल-मे महिन्यांत खोकी भरलेली शीतवाहने मानखुर्द, चेंबूर आणि कुर्ल्याच्या वाहतुकीत अडकतात आणि विमान चुकले की फळाच्या टिकण्याचा एक दिवस वाया जातो. आंबा बागायतदाराला या एका दिवसाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. वाशीहून उलवे जवळ आहे, जवाहरलाल नेहरू बंदरही या विमानतळापासून जवळ आहे, नाशिकची द्राक्षे आणि पुण्याकडचा भाजीपाला मुंबई शहरात न शिरता येथे पोहोचू शकतो. जलद खराब होणाऱ्या मालासाठी पुरेशी शीतगृहे आणि थेट परदेशी मालवाहू उड्डाणे मिळाली, तर कोकणातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा खर्च नक्कीच वसूल होईल असे माझे मत आहे.

स्थापत्य_निवृत्त, पनवेल

कामोठेकर साहेबांनी विचारलेल्या मुद्द्याचे दोन भाग वेगळे केले पाहिजेत. विमानतळ स्वतः बुडेल का, हा एक प्रश्न. विमानतळामुळे दुसरे कोणी बुडेल का, हा दुसरा. वर्तमानपत्रांत चर्चा बहुतेक वेळा पहिल्याची होते. माझ्या मते खरी काळजी दुसऱ्याची करावी.

पहिल्याचे उत्तर बऱ्यापैकी आश्वासक आहे. धावपट्टी आणि इमारती आसपासच्या गावठाणांपेक्षा कित्येक मीटर उंच भरावावर आहेत. खाडीतल्या मऊ चिखलावर भराव टाकला की तो वर्षानुवर्षे खचत राहतो, कारण चिखलातले पाणी फार सावकाश बाहेर पडते. त्यासाठी जमिनीत उभे निचरे सोडून वर जादा भार ठेवतात आणि पाणी आधीच पिळून काढतात. हे तंत्र आता चांगले रुळलेले आहे. तरीही देखभालीचा खर्च संपत नाही. ओसाका उपसागरातल्या कानसाई विमानतळाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९४ मध्ये सुरू झालेले ते कृत्रिम बेट अपेक्षेपेक्षा अधिक खचले आणि ४ सप्टेंबर २०१८ च्या जेबी वादळात समुद्राचे पाणी धावपट्टीवर शिरून हजारो प्रवासी तेथे अडकून पडले. आपल्याकडे कोचीचा विमानतळ पेरियार नदीजवळच्या भातखाचरांवर बांधलेला आहे आणि ऑगस्ट २०१८ च्या महापुरात तो १५ तारखेपासून २९ तारखेपर्यंत बंद ठेवावा लागला. चेन्नईत दुय्यम धावपट्टी अड्यार नदीवर पूल बांधून पुढे नेलेली आहे, आणि डिसेंबर २०१५ च्या पुरात तो विमानतळही कित्येक दिवस बंद होता. नवी मुंबईचा भराव कोची आणि चेन्नई या दोन्ही ठिकाणांपेक्षा अधिक विचारपूर्वक केलेला आहे, हे श्रेय अभियंत्यांना दिलेच पाहिजे.

आता दुसरा भाग. सखल जमीन ही रिकामी जमीन नसते, ती पाणी धरून ठेवण्याचे काम करत असते. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नद्यांचे पाणी खाडीत जाऊ शकत नाही, ते तोंडाशी थांबते आणि आजूबाजूच्या खाजणात पसरते. ओहोटी लागली की हळूहळू निघून जाते. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर साडेचार मीटरहून उंच भरती अनेक दिवस येते, त्यामुळे हा योगायोग दुर्मिळ मानता येत नाही. शेकडो हेक्टर खाजण भरून उंच केले, म्हणजे तेवढ्या पाण्याची थांबण्याची जागा गेली. पाणी तेवढेच राहिले, जागा मात्र कमी झाली. हे पाणी आता शेजारच्या गावांत, रस्त्यांवर आणि वसाहतींच्या तळमजल्यांवर जागा शोधणार.

नवी मुंबई वसवणाऱ्यांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. वाशी, नेरूळ, बेलापूर येथे हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव बांधले गेले ते याचसाठी. त्यांच्या तोंडाशी झडपा असतात. भरतीच्या वेळी झडप आपोआप बंद होऊन समुद्राला अडवते, तेवढा वेळ शहराचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला झडप उघडून बाहेर पडते. ही सुंदर व्यवस्था आहे, परंतु तिला दोन गोष्टी लागतात : झडपा चालू असल्या पाहिजेत आणि तलावात गाळ नसला पाहिजे. आज अनेक तलाव गाळाने भरले आहेत, गाळावर खारफुटी उगवली आहे आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे न्यायालयाच्या परवानगीखेरीज गाळ काढता येत नाही. खारफुटीचे संरक्षण योग्यच आहे, मी स्वतः त्याच्या बाजूचा आहे. मात्र एका बाजूला काही किलोमीटरवर मोठ्या क्षेत्रातली खारफुटी विशेष परवानगीने हटवली जाते आणि दुसऱ्या बाजूला धारण तलावातला गाळ वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो, हा क्रम उलटा आहे. विमानतळाच्या कामाला जी निकड मिळाली, ती या तलावांच्या कामाला मिळायला हवी होती.

पर्यावरण मंजुरीच्या वेळी काहीच विचार झाला नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २०१० मध्ये मंजुरी देताना दोन धावपट्ट्यांमधले अंतर कमी करण्यात आले आणि गाढी नदी वळवण्याचा मूळ बेत सोडून देण्यात आला. जर गाढीही वळवली असती, तर पनवेल शहराची आजची परिस्थिती अधिक बिकट असती, असे मी जबाबदारीने म्हणू शकतो.

जुन्या विमानतळाचा धडाही येथे लक्षात घ्यावा. मिठी नदी सांताक्रूझच्या धावपट्टीखालून जाते आणि विमानतळाच्या विस्तारापायी तिला काटकोनात वळणे देण्यात आली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. विमानतळ दोनेक दिवसांत पुन्हा सुरू झाला. कुर्ला, कलिना आणि क्रांतिनगर भागातले संसार मात्र कायमचे वाहून गेले. नदीच्या वळणाचा हिशेब विमानतळाच्या ताळेबंदात कधीच दिसला नाही.

उलव्याची_लेक

काकांनी लिहिलेले वाचून फार बरे वाटले, कारण आम्ही हेच साध्या भाषेत सांगत आलो आणि आम्हाला विकासाचे विरोधक ठरवले गेले.

माझे माहेर विमानतळासाठी हटवलेल्या दहा गावांपैकी एका गावातले. आमची शेती खारबंदिस्तीतली. खाडीकडून मातीचा बांध, बांधाला ठिकठिकाणी उघाडी. ओहोटीला उघाडी उघडायची, पावसाचे पाणी बाहेर काढायचे, भरतीच्या आत बंद करायची. उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली, तर सगळे गाव कंदील घेऊन धावत असे, कारण एकदा खारे पाणी शेतात शिरले की पुढची काही वर्षे भाताचे पीक येत नाही. कोणत्या उघाडीवर कोणी जायचे हे ठरलेले असे आणि चुकले तर जाब विचारायला माणूस समोर असे. काका ज्या धारण तलावाविषयी सांगतात, तेच काम आमचे वाडवडील फळ्या आणि चिखलाने करत होते.

आज तो बांध नाही आणि उघाडीही नाही. आमच्या कुटुंबाला घेतलेल्या जमिनीच्या साडेबावीस टक्के एवढा विकसित भूखंड देण्याच्या योजनेतून जागा मिळाली, ती मी नाकारणार नाही. १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, त्यातून साडेबारा टक्क्यांचा हक्क आला आणि त्याच लढ्याच्या बळावर पुढे विमानतळग्रस्तांना अधिक मिळाले. ज्यांच्याकडे सातबारा होता त्यांच्यापुरते हे ठीक झाले. माझी आत्या खाडीत कालवे फोडायची, चिंबोऱ्या आणि निवट्या धरायची आणि टोपलीत घेऊन पनवेलच्या बाजारात बसायची. तिच्या नावावर जमीन नव्हती आणि खाडी कोणाच्याच नावावर नसते. म्हणून तिच्या उत्पन्नाची मोजणी कोणत्याही कागदात झाली नाही. जिताडा मासा तर आता पाहुण्यांसाठी बाजारातून तळ्यातला आणावा लागतो.

जी गावे उठली त्यांचे दुःख वेगळे. जी उठली नाहीत आणि भरावाच्या पायथ्याशी राहिली, त्यांचे हाल पाहवत नाहीत. पारगाव-डुंगी परिसरात भराव झाल्यापासून पावसाळ्यात घरांत पाणी शिरू लागले. पूर्वी येथे पाणी येत नव्हते असे नाही, परंतु ते शेतात येत असे आणि ओहोटीला जात असे. गावाच्या डोक्याच्या वर जमीन उंच करायची आणि मग गावकऱ्यांना पंप लावून द्यायचा, याला मी नियोजन म्हणू शकत नाही.

निर्यातदार दादांना माझे सांगणे एवढेच, की तुमचा आंबा वेळेत पोहोचावा ही आमचीही इच्छा आहे. आमच्या गावातली मुले आज तेथे सामान चढवण्याच्या कामाला आणि सुरक्षेच्या कामाला आहेत. खर्च सार्थकी लागला का, याचे उत्तर देताना डुंगीतल्या भिजलेल्या तांदळाची कणगीही त्याच तराजूत घालावी.

बँकॉकस्थित_मराठी

मी अनेक वर्षे बँकॉकमध्ये राहतो. त्यामुळे ही चर्चा माझ्या अगदी परिचयाची आहे. येथील सुवर्णभूमी विमानतळ ज्या जागेवर आहे तिचे जुने नाव ‘नोंग नगू हाव’ म्हणजे नागाचे तळे किंवा दलदल. जागा १९७० च्या दशकातच घेतलेली होती आणि विमानतळ २८ सप्टेंबर २००६ रोजी सुरू झाला. पूर्व बँकॉकचे पुराचे पाणी समुद्राकडे जाण्याची ती वाट होती, म्हणून तेव्हाही बराच विरोध झाला. शेवटी विमानतळाभोवती मातीचा बांध घालण्यात आला, आत साठवण तलाव आणि पंप ठेवण्यात आले आणि बाहेर कालव्यांची व्यवस्था करण्यात आली.

२०११ मध्ये थायलंडमध्ये प्रचंड पूर आला. शहराच्या उत्तरेचा जुना दोन मुआंग विमानतळ पाण्याखाली गेला आणि २०१२ च्या मार्चपर्यंत बंद राहिला. सरकारने पूरनिवारणाचे मुख्य केंद्रच त्या विमानतळावर थाटले होते, ते घाईघाईने हलवावे लागले. दलदलीतला सुवर्णभूमी मात्र एक दिवसही बंद पडला नाही. स्थापत्य_निवृत्त काकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यात मिळते : पैसा आणि दक्षता असली, तर सखल जागेतला विमानतळ कोरडा ठेवता येतो. त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्याच पुराने दिले. मध्य बँकॉक वाचवण्यासाठी मोठमोठ्या वाळूच्या पिशव्यांची भिंत उभारली गेली, आणि भिंतीपलीकडच्या वस्त्या कित्येक आठवडे कुजक्या पाण्यात राहिल्या. तेथील रहिवाशांनी भिंतीच्या काही पिशव्या हटवल्या, पोलिसांशी वाद झाले. बांधाच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा निर्णय पूर येण्याच्या कितीतरी आधी, आराखडा काढतानाच झालेला असतो.

येथील अनुभवातून आणखी एक सांगावेसे वाटते. सुवर्णभूमी सुरू झाल्यावर दोन मुआंगची नियमित वाहतूक बंद केली गेली, आणि काही महिन्यांतच, २००७ मध्ये, ती पुन्हा सुरू करावी लागली. शहराला दोन्ही लागतात. दुसरे म्हणजे, सुवर्णभूमीला जोडणारी रेल्वे २०१० मध्ये आली. मधल्या चार वर्षांत टॅक्सी आणि रस्ते यांच्यावर आलेला ताण मी पाहिला आहे. नवी मुंबईच्या विमानतळालाही मुंबई शहरातून थेट मेट्रो मिळण्याआधीच सुरुवात झाली. नेरूळ–उरण लोकलचे तरघर स्थानक जवळ आहे, पण बोरिवली किंवा अंधेरीच्या प्रवाशाला तेवढ्याने दिलासा मिळत नाही. अटल सेतूवरून यायचे तर मोटारीला एका फेरीचे २५० रुपये पथकर आणि त्यावर विमानतळाचे वापरशुल्क, म्हणजे सामान्य कुटुंबाला हा प्रवास महागच पडतो. मालवाहतुकीचा लाभ लवकर दिसेल, प्रवाशांचा मात्र रेल्वे आल्यावरच दिसेल असे मला वाटते.

कामोठेकर

सर्वांचे मनापासून आभार. उलव्याच्या ताईंनी लिहिलेली उघाडीची व्यवस्था माझ्यासारख्या वसाहतीत वाढलेल्या माणसाला नवीन होती. विमानतळ आता उभा राहिला आहे, त्यामुळे तो नको होता म्हणून काही साधणार नाही. काकांना एकच विचारतो : पुढील टप्प्यांचे काम मार्गी लागण्याआधी आमच्यासारख्या नागरिकांनी नेमकी कशाची मागणी करावी? ‘पूरनियंत्रण करा’ असे मोघम निवेदन दिले की त्याला तेवढेच मोघम उत्तर येते.

स्थापत्य_निवृत्त, पनवेल

आपला प्रश्न योग्य आहे. मोघम निवेदन देऊ नका, कागद मागा. माहितीच्या अधिकारात पुढील गोष्टी मागता येतील आणि त्या देता येण्यासारख्या आहेत.

वळवलेल्या उलवे नदीचा उभा छेद मागा. त्यात पात्राच्या तळाची पातळी, काठाची पातळी आणि कोणत्या पावसासाठी पात्राची रुंदी धरली आहे हे दिसते. त्याच नकाशावर मोठ्या भरतीची रेषा आखून मागा, कारण कोरड्या खाडीत सुटणारे पाणी आणि भरलेल्या खाडीत सुटणारे पाणी यांचा हिशेब सर्वस्वी वेगळा असतो. त्यानंतर डुंगी, पारगाव, ओवळे आणि आपल्या कामोठ्याच्या रस्त्यांच्या पातळ्या मागा आणि त्या शेजारी ठेवा. चार आकडे एका कागदावर आले की कोण भिजणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

दुसरे, २६ जुलैचा पाऊस आणि त्याच दिवसाची भरती धरून सध्याच्या भरावासह पुराचे गणित पुन्हा मांडले आहे का, हे विचारा. मांडले नसेल तर ते मांडून सार्वजनिक करावे आणि तोपर्यंत नवा भराव टाकू नये, ही मागणी ठामपणे करता येते. तिसरे, भरावाच्या पायथ्याच्या गावांसाठी धारण तलाव, झडपा आणि पंप यांचा खर्च विमानतळाच्या पुढील टप्प्याच्या अंदाजपत्रकातच घालावा. ग्रामपंचायत किंवा महापालिका यांच्यावर तो ढकलला की पाच वर्षे निविदाच निघत नाही. वीस हजार कोटींच्या कामात ही रक्कम ठळक दिसणारही नाही.

आणि उलव्याच्या ताई, जुन्या उघाड्या कोठे होत्या याचा नकाशा गावातल्या जाणत्या माणसांकडून करून घेता आला तर अवश्य घ्या. पाणी कोणत्या वाटेने खाडीत जात होते याची नोंद मोजणी खात्याच्या नकाशांत सगळीकडे सापडत नाही, आणि नव्या झडपा कोठे बसवायच्या हे ठरवताना तिचा थेट उपयोग होईल. मी तो नकाशा पातळ्यांवर बसवून देण्याचे काम करायला तयार आहे. पुढच्या रविवारी पनवेलमध्ये भेटता येईल का, ते येथे कळवावे.

उलव्याची_लेक

अवश्य काका. माझे चुलते आणि शेजारचे दोन वयस्क शेतकरी बरोबर आणते. कोपर आणि तरघरच्या बाजूच्या उघाड्या त्यांना तोंडपाठ आहेत, चिंचपाड्याकडच्या कोणाला माहीत असतील त्यांचीही चौकशी करते.